आपल्या शहरांचा आकार कुठे ठरतो: गिरणगाव, पुनर्वसन इमारती आणि गुंठेवारी

प्रश्न आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा आहे. विकसनशील देशांतल्या शहरांमध्ये विकासाचा नागरी रचनेवर नेमका कसा परिणाम होतो, असं ती विचारते. पुढे लिहिते की अभ्यासक्रमात चौक, बुलेव्हार्ड, गार्डन सिटी शिकवतात, पण मुंबई-पुण्यात फिरताना त्यातलं काहीच ओळखीचं दिसत नाही. मग आपल्याकडे रचना असते तरी का?

असते. पण ती रचनाकाराच्या टेबलावर फार थोडी ठरते. विकास आराखडे आणि पुनर्विकासाचे प्रस्ताव यांवर मी बरीच वर्षं काम करते आहे, आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. आपल्या शहरांकडे रस्ते, घरं, बागा, गटारं यांसाठी रोख पैसा कमी असतो, म्हणून ती बांधकामाचा हक्क देऊन भागवतात. हा हक्क म्हणजे चटईक्षेत्र; भूखंडाच्या किती पट बांधता येईल हे सांगणारा त्याचा आकडा म्हणजे आपण रोज म्हणतो तो एफएसआय. तो कुणाला, कुठे आणि कशाच्या बदल्यात दिला, यावरून इमारतीची उंची, दोन इमारतींमधलं अंतर, फुटपाथ आणि मैदान ठरतं. शहराचे नाक-डोळे समजून घ्यायचे असतील तर आधी हा व्यवहार समजून घे.

त्याला जोडून क्रमाची गोष्ट येते. न्यूयॉर्कने 1811 मध्ये मॅनहटनच्या रस्त्यांचं जाळं आखलं, तेव्हा शहराची वस्ती जेमतेम लाखभर होती. आखलेल्या रस्त्यांवर माणसं यायला पुढची अनेक दशकं लागली. आपल्याकडे, लागोसमध्ये, ढाक्यात, नैरोबीत माणसं आधी येतात, मग घरं होतात, त्यानंतर पाणी आणि वीज, आणि रस्त्याची आखणी सगळ्यात शेवटी, उरलेल्या जागेतून. मॅनहटनचे आराखडे मन लावून अभ्यासणाऱ्या विद्यार्थ्याला आपलं शहर न कळण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

आता गिरणगाव. मी हेच उदाहरण पुन्हा पुन्हा देते, कारण दोन्ही गोष्टी तिथे एकाच जागी दिसतात.

मुंबईतल्या 58 गिरण्यांकडे मिळून सुमारे 600 एकर जमीन होती. तिचा मोठा भाग भायखळा, लालबाग, परळ, लोअर परळ, वरळी या पट्ट्यात होता. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यानंतर बहुतेक गिरण्या पूर्वीसारख्या उभ्या राहिल्याच नाहीत. प्रश्न उरला जमिनीचा. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम 58 ने त्याला एक उत्तर दिलं होतं: मालकाला गिरणीच्या जमिनीवर नवं काही बांधायचं असेल तर ढोबळ मानाने एक तृतीयांश जमीन महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, आणि उरलेली त्याची. 1996 मध्ये राज्य सरकारने वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांच्या अध्यक्षतेखाली एक अभ्यासगट नेमला. या जमिनींचा सुटा सुटा विचार करू नका, एकत्र आराखडा करा, असं त्याचं सांगणं होतं. जवळजवळच्या गिरण्यांच्या मोकळ्या जागा एकमेकींना जोडल्या असत्या, तर दाट वस्तीच्या मधोमध मोठी मैदानं आणि नवे रस्ते मिळाले असते.

2001 मध्ये नियम 58 बदलला. वाटणी एकूण जमिनीची करायची नाही, फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची करायची, असं ठरलं. गिरणीचं आवार शेडनी भरलेलं असतं, त्यात मोकळी जागा ती किती असणार? शेड पाडल्यावर सुटणारी जमीन वाटणीतून बाहेर गेली. प्रकरण न्यायालयात गेलं, उच्च न्यायालयाने मोकळ्या जागांच्या बाजूने निकाल दिला, आणि मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून बदललेला नियम कायम ठेवला. एका वाक्यातल्या दुरुस्तीने शहराच्या मध्यभागी मिळू शकणारी शेकडो एकरांची सार्वजनिक जागा आक्रसली. नागरी रचनेचा निर्णय म्हणतात तो हाच. तो कुठल्याही स्केचमध्ये दिसणार नाही.

त्याचे जमिनीवरचे परिणाम बघ. गिरणीचं आवार भिंतीने बंद असतं, कारण कारखान्याला एक फाटक आणि फाटकावर हजेरी लागते. वीस-वीस एकरांच्या तुकड्यातून एकही सार्वजनिक रस्ता जात नसे, आणि कारखान्यासाठी ते ठीकच होतं. पुनर्विकास प्रत्येक आवाराचा स्वतंत्र झाला, त्यामुळे भिंत राहिली आणि फाटकही राहिलं. आत कार्यालयं, मॉल आणि टॉवर आले. बाहेर मात्र सेनापती बापट मार्ग, ना. म. जोशी मार्ग, गणपतराव कदम मार्ग हेच रस्ते, जवळपास त्याच जाळ्यात.

आणि याहून मोठा बदल वेळेचा होता, ज्याकडे आराखड्यात कुणी पाहिलं नाही. गिरणी तीन पाळ्यांत चालायची. कामगार दिवसभरात विभागून येत-जात, आणि बहुतेक जण आसपासच्या चाळींतून पायी येत. त्याच जमिनीवर कार्यालयं आली तेव्हा माणसं विरार, कल्याण, पनवेलहून येऊ लागली, तीही सगळी नऊ ते साडेदहाच्या दरम्यान, लोकलने. एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) आणि परळ ही पश्चिम आणि मध्य रेल्वेची शेजारशेजारची स्थानकं, आणि त्यांच्यातला पादचारी पूल अरुंद. 29 सप्टेंबर 2017 ला सकाळी पावसात त्या पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि 23 माणसं गेली. त्यानंतर लष्कराला बोलावून काही महिन्यांत नवा पूल बांधून घेतला.

पूल रेल्वेचा, रस्ता महापालिकेचा, नियम 58 राज्य सरकारचा, जमीन मालकाची किंवा राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची. यांपैकी प्रत्येकाने आपापल्या कागदावर नियमानुसार काम केलं असेल. पण एवढ्या कार्यालयांत किती माणसं येतील आणि ती कुठल्या पुलावरून चालतील, हा हिशेब एकाही कागदावर मांडला गेला नाही. विकसनशील शहरात नागरी रचनेचं काम काय, असं मला कुणी विचारलं तर मी हा हिशेब दाखवते. दर्शनी भाग, झाडं, बाकं हे सगळं त्याच्या नंतर.

इथे एफएसआयबद्दल एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण विद्यार्थी तिच्यात हमखास अडकतात. एफएसआय बांधकाम मोजतो, माणसं मोजत नाही. समज, 1,000 चौरस मीटरचा भूखंड आहे आणि एफएसआय 3 आहे. बांधकाम झालं 3,000 चौरस मीटर. त्यात 300 चौरस फुटांची घरं केली तर जिने, लिफ्ट, भिंती धरून एका घराला साधारण 40 चौरस मीटर लागतील. म्हणजे 75 घरं, घरटी पाच धरली तर 375 माणसं. त्याच बांधकामात 1,500 चौरस फुटांची घरं केली तर जेमतेम 15 घरं आणि, घरटी चार धरली तर, 60 माणसं. भूखंड तेवढाच, एफएसआय तेवढाच, पण खालच्या रस्त्यावर, शाळेत, मैदानात उतरणारी माणसं सहापट. गाड्यांचा हिशेब नेमका उलटा निघेल. नवी मुंबईची कल्पना 1965 मध्ये चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता यांच्यासोबत मांडणारे अभियंते शिरीष पटेल पुढची कितीतरी वर्षं हे सांगत राहिले, की चर्चा एफएसआयची करू नका, गर्दीची करा: दर माणशी रस्ता किती, मोकळी जागा किती. आपल्या नियमावल्यांत हे अजूनही पुरतं उतरलेलं नाही आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

आता पुनर्वसन इमारत. 1995 मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आलं. योजनेचा गाभा असा: विकासकाने झोपडीधारकांना त्याच जागी मोफत घर बांधून द्यायचं आणि त्या बदल्यात बाजारात विकायला बांधकाम घ्यायचं. मूळ नियमांत पुनर्वसनाच्या क्षेत्राच्या प्रमाणात विक्रीचं क्षेत्र ठरलं होतं. शहर भागात ते एकाला पाऊण, उपनगरांत एकाला एक, धारावीसारख्या अवघड जागी एकाला 1.33. घर सुरुवातीला 225 चौरस फुटांचं होतं, पुढे 269 झालं, आता 300 आहे. सरकारी तिजोरीतून खर्च जवळजवळ काही नाही. कागदावर सगळ्यांचा फायदा.

विकासकाच्या जागी उभं राहून बघ. पुनर्वसन इमारत त्याचा खर्च आहे, विक्रीची इमारत त्याचं उत्पन्न. साहजिकच रस्त्याकडची, उजेडाची, मोठी जागा विक्रीच्या इमारतीला जाते आणि पुनर्वसनाच्या इमारती मागच्या कोपऱ्यात एकमेकींना खेटून उभ्या राहतात. नियमांनीही ती मुभा दिली होती. 24 मीटर उंचीपर्यंतच्या पुनर्वसन इमारतीला भोवती 3 मीटर जागा पुरेशी धरली होती. घनतेला किमान मर्यादा घातली होती. कमाल मर्यादेचा विचारच नव्हता.

अशा सात मजली इमारतीत एकदा भर दुपारी जा. जिन्यातून वर आलीस की दोन्ही बाजूंना दारं आणि मध्ये बोळ, आणि त्या बोळात दुपारी दोन वाजता ट्यूबलाइट लावलेली. ती गेली असेल तर मोबाइलच्या उजेडात दाराचा नंबर शोधावा लागतो. घराची एकच बाजू बाहेर उघडते, आणि ती खिडकी समोरच्या इमारतीच्या खिडकीसमोर येते, म्हणून बाई तिला पडदा लावते. वाऱ्याला आत यायला वाट असते, पण बाहेर जायला नसते, त्यामुळे तो आतही येत नाही. खालच्या मजल्यांवर कपडे वाळत नाहीत. दोन इमारतींमधल्या पट्टीत वरून कचरा पडतो, कारण ती पट्टी कुणाच्याच दारासमोर नाही. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंड आणि मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंड या वसाहतींमध्ये क्षयरोगाचं प्रमाण आणि घरांतला उजेड-वारा यांचा संबंध अभ्यासातून पुढे आला. या वसाहती रस्ते आणि रेल्वेच्या प्रकल्पांत विस्थापित झालेल्यांसाठी बांधलेल्या आहेत. इथे रचनेचा विषय थेट फुप्फुसापर्यंत जातो.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पात्र ठरलेल्या बाईसाठी घरात संडास येणं ही फार मोठी गोष्ट आहे. पहाटे अंधारात रांगेत उभं राहायला लागत नाही, नळाला पाणी येतं, पावसात छप्पर गळत नाही, आणि पत्त्याला नाव मिळतं. यातलं काही क्षुल्लक समजणाऱ्या वास्तुतज्ज्ञांशी माझं कधी पटलं नाही. माझी तक्रार घराबद्दल नाही, ज्या अंतरावर ते घर उभं केलं त्याबद्दल आहे. शिवाय झोपडीत खालीच शिलाई मशीन असतं, दारात भजीची गाडी लागते, शेजारी पापड वाळत असतात. सातव्या मजल्यावर यातलं काही चालत नाही, आणि लिफ्टचं बिल मात्र दर महिन्याला येतं. मूळ नियमांत देखभालीसाठी विकासकाने घरामागे 20,000 रुपये अनामत ठेवायचे होते. सात मजल्यांची इमारत, लिफ्ट आणि पंप त्याच्या व्याजावर कसे चालणार?

याच व्यवहारातून टीडीआर आला: एका जागी वापरता न येणारं बांधकाम दुसरीकडे नेण्याचा हक्क. 1991 च्या नियमांनुसार तो उपनगरांत, आणि मूळ जागेच्या उत्तरेकडेच वापरता यायचा. खार, सांताक्रूझ, विलेपार्ल्यातल्या दोन मजली घरांच्या गल्ल्यांचं जे झालं ते त्यामुळे. टीडीआरचा रस्त्याच्या रुंदीशी संबंध जोडायला 2016 उजाडलं. तोवर कितीतरी गल्ल्यांत दोन मजल्यांच्या जागी सात-आठ मजले आले होते. पोडियमचंही तसंच. पार्किंगचे मजले एफएसआयमध्ये धरायचे नाहीत म्हटलं की टॉवरखाली पाच-सहा मजल्यांचा पार्किंगचा ठोकळा येणारच. लालबाग-परळला जुन्या चाळींच्या तळमजल्यावर किराणा, चक्की, सलून, खानावळ असायची. आता तिथे सलग कोरी भिंत आणि दोन फाटकं दिसतात, आणि रात्री दहानंतर तिथून एकट्या मुलीला जावंसं वाटत नाही.

बांधकामाचा हक्क विकणं मुळातच चुकीचं, असं कुणी म्हटलं तर मी सहमत होणार नाही. ब्राझीलमधलं साओ पावलोही हक्क विकतं, पण वेगळ्या रीतीने. तिथे ठरावीक भागांसाठी जादा बांधकामाची प्रमाणपत्रं शेअर बाजारात लिलावाने विकतात आणि आलेला पैसा त्याच भागातल्या रस्त्यांवर, वाहतुकीवर, वस्त्यांतल्या घरांवर खर्च करण्याचं बंधन असतं. किंमत उघड असते आणि पैसा कुठे गेला ते दिसतं. आग्वा एस्प्रायादा भागात जार्दिम एदिती नावाच्या झोपडपट्टीच्या जागी 2013 च्या सुमारास जी वसाहत पूर्ण झाली, तिच्या तळमजल्यावर दवाखाना, पाळणाघर आणि पाककलेची शाळा आहे, ती शेजारच्या कार्यालयांच्या रस्त्याला लागून. त्या भागातून कितीतरी कुटुंबं त्याआधीच हुसकावली गेली होती, हेही सांगायला हवं. तरी रचनेच्या दृष्टीने फरक मोठा आहे. आपण हक्क वस्तूच्या बदल्यात वस्तू अशा पद्धतीने देतो, एकेका भूखंडावर, एकेका विकासकाशी. त्यामुळे शेजारच्या रस्त्याला त्यातून काहीच मिळत नाही.

मुंबईबद्दल इतकं लिहिलं, पण महाराष्ट्रातली बहुतेक शहरं टॉवरने वाढलेली नाहीत. ती गुंठेवारीने, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्याचे तुकडे मंजुरीशिवाय विकून, वाढली आहेत. छत्रपती संभाजीनगर, सांगली, नाशिक, पुण्याच्या कडेची गावं, कुठेही जा. तुझ्या अभ्यासक्रमात हा शब्द आलाच नसेल तर मला आश्चर्य वाटणार नाही, आणि ते चांगलंही नाही.

शेतकऱ्याकडे एक एकर आहे, म्हणजे 40 गुंठे. शहर जवळ आलंय, पण सातबारा शेतीचा आहे. बिगरशेती करायची तर मोजणी, रेखांकन, मंजुरी, शुल्क आणि काही वर्षं. मंजूर रेखांकनात 9 मीटरचे रस्ते आणि 10 टक्के खुली जागा सोडली तर विकायला 25-26 गुंठे उरतील. त्याऐवजी एजंट येतो, फक्कीने रेषा मारतो, दहा फुटी वाटा सोडतो आणि 34-35 गुंठे विकतो. शिवाय मंजूर प्लॉटपेक्षा हा कितीतरी स्वस्त असतो, म्हणून रिक्षाचालक, एमआयडीसीतला कामगार, घरकाम करणारी बाई यांना तोच परवडतो. तुकडेबंदी कायद्यामुळे गुंठ्याचं खरेदीखत वर्षानुवर्षं नोंदवता येत नव्हतं. मग स्टँप पेपरवर नोटरी व्हायची, साठेखत व्हायचं, मुखत्यारपत्र व्हायचं. पहिल्या वर्षी पत्र्याची खोली, चार वर्षांनी स्लॅब, मुलाचं लग्न ठरलं की वरचा मजला. पाणी आधी टँकरने, मग बोअर, मग नगरसेवक पाइपलाइन आणतो. दहा फुटी वाट काँक्रीटची होते, आणि काँक्रीट पडलं की ती कायमची दहा फुटी होते. पुढे तिथे अग्निशमनची गाडी वळत नाही, कचऱ्याची घंटागाडी कोपऱ्यावरच थांबते, ड्रेनेजची लाइन टाकायला घरांच्या पायऱ्या फोडाव्या लागतात.

सरकारने 2001 मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला आणि 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. ते योग्यच केलं. लाखो माणसांना आयुष्यभर अनधिकृत ठेवून कुणाचंच भलं होत नाही. पण नियमित करण्याने कागद सुधारतो, वाट रुंद होत नाही. म्हणून माझा आग्रह असा असतो की वाट आखली जाण्याच्या आधी तिथे पोहोचायला हवं. कारण प्रत्येक जण फक्त आपापला एक एकर बघत असतो. शेजारच्या एकराची वाट आपल्या वाटेला मिळेल का, पावसाचं पाणी कुठून जाईल, हे बघणारं तिथे कुणी नसतं. पुण्यात 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, कात्रजकडून सहकारनगर, अरण्येश्वरपर्यंत पाणी घुसलं आणि त्या पावसात वीसहून अधिक माणसं गेली. ओढ्याचं पात्र कुठे झाकलेलं, कुठे वळवलेलं, कुठे भिंतींनी आवळलेलं. ही कामं अनेकांनी, अनेक वर्षांत, तुकड्यातुकड्याने केलेली होती, आणि त्यातली कितीतरी परवानगी घेऊन.

यावर आपल्याकडे एक साधन शंभर वर्षांपासून आहे: नगररचना योजना, टीपी स्कीम. 1915 च्या मुंबई नगररचना कायद्याने ती आली. एका भागातल्या सगळ्या जमिनी एकत्र करायच्या, त्यातून रस्ते, बागा, शाळांची जागा काढायची, आणि उरलेली जमीन प्रत्येकाला नीट आकाराचा अंतिम भूखंड म्हणून त्याच परिसरात परत द्यायची. जमीन कमी होते, पण रस्ता मिळाल्यामुळे तिची किंमत वाढते. कुणी भूमिहीन होत नाही. खार, सांताक्रूझ, विलेपार्ले, पुण्यातलं शिवाजीनगर म्हणजे जुनं भांबुर्डे, हे असेच आखले गेले. तिथल्या जुन्या इमारतींच्या पत्त्यात अजून एफ. पी. नंबर लिहितात, तो हाच अंतिम भूखंड. या भागांत चालायला बरं वाटतं ते उगाच नाही. रस्ते आणि झाडं घरांच्या आधी आली.

महाराष्ट्रात ही पद्धत मागे पडली, कारण लवादापुढे एकेक योजना वर्षानुवर्षं चालायची आणि तोवर बांधकामं होऊन जायची. मग आपण आराखड्यावर आरक्षणाचे रंग भरत राहिलो. बागेचा हिरवा रंग भरायचा आणि ती जमीन ताब्यात घ्यायला पैसे नसल्यामुळे वीस वर्षांनी तो काढून टाकायचा. गुजरातने कायदा दुरुस्त करून रस्त्यांची जागा आधी ताब्यात घ्यायची सोय केली, आणि अहमदाबादच्या 76 किलोमीटरच्या रिंगरोडची बरीचशी जमीन टीपी स्कीममधून मिळाली. हडपसरला मगरपट्ट्यात सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी 400 एकर एकत्र करून स्वतःच कंपनी काढली, ते याच विचाराचं खासगी रूप. पण तिथे बहुतेक सगळे एकमेकांच्या नात्यातले होते. तसं जमून येणं रोजचं नाही, त्यामुळे त्यावर धोरण उभं राहत नाही.

नवी मुंबईत तिसरी वाट धरली. 1970 मध्ये सिडको, म्हणजे नवं शहर वसवणारं सरकारी महामंडळ, आलं, 95 गावांची जमीन संपादनाखाली गेली, नोड आणि सेक्टर आखले गेले. रस्ते आधी आले, हे खरं. पण जमीन देणाऱ्याला पुढच्या वाढीत वाटा नव्हता. तो मिळवायला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जानेवारी 1984 चं आंदोलन झालं, गोळीबारात पाच जणांचा जीव गेला, आणि त्यानंतर कितीतरी वर्षांनी साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना प्रत्यक्षात आली. आजही सेक्टरचा रुंद रस्ता संपतो आणि गावठाण सुरू होतं, तिथे इमारती एकदम हाताला हात लावून उभ्या दिसतात. ती बेशिस्त नाही. ज्यांना आराखड्यातून वगळलं, त्यांनी उरलेल्या जागेत वाढत्या कुटुंबाची आणि भाड्याच्या उत्पन्नाची केलेली सोय आहे ती.

तुझ्या प्रबंधासाठी आता थेट सांगते. पुणे महापालिकेत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं आली. त्यातलं एक गाव घे, ज्यात अजून निम्मी शेती शिल्लक आहे. आधी भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा आणि गट नंबर मिळव. त्यावर ओढे, पाणंद रस्ते आणि उतार चढव. मग गुंठेवारीच्या वाटा स्वतः चालून टेपने मोज. तीन-चार एजंटांशी आणि प्लॉट घेतलेल्या दहा-बारा कुटुंबांशी बोल. महिन्याला हप्ता किती भरतात, पाण्याला किती मोजतात, कामावर कसे जातात, हे विचार. त्यानंतरच ट्रेसिंग पेपर घे, आणि इमारत एकही काढू नकोस. फक्त तीन रेषा काढ: ओढ्याची कमी करता न येणारी हद्द, गाव ओलांडून जाणारे 12 ते 18 मीटरचे रस्ते, आणि शाळा-मैदानासाठी एकत्र जोडलेल्या जागा. प्रत्येक शेतकऱ्याची किती जमीन जाते आणि त्याला कुठला भूखंड परत मिळतो, याचा तक्ता बाजूला लाव. तो तक्ता गावातल्या माणसांसमोर ठेवून त्यांच्याकडून आकडे तपासून घे. परीक्षकांनी दर्शनी चित्रं मागितली तर तक्त्याबद्दल आधी बोल.